एआरटी चालू असताना व्हीडीआरएलच्या रिपोर्टवर किती विश्वास ठेवायचा?

केवडा (इंदूर)
नमस्कार मंडळी, विषय नाजूक आहे पण घरात कोणाशी बोलता येत नाही म्हणून इथे विचारतेय. माझा मावसभाऊ, तिशीतला, इंदूरमध्येच नोकरी करतो. त्याला एचआयव्ही आहे, एआरटीच्या गोळ्या बऱ्याच वर्षांपासून नियमित चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) मशीनला सापडत नाही इतका कमी, तब्येत एकदम छान. आता हर्नियाचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधीच्या तपासण्यांत व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ताची टेस्ट) रिअ‍ॅक्टिव्ह आली. आकडा काही नाही, नुसतं "रिअ‍ॅक्टिव्ह" एवढाच शब्द.

आता गंमत बघा, त्या खाजगी दवाखान्यात काउंटरवरचा माणूस म्हणाला एआरटी चालू असली की ही टेस्ट खोटीच येते, लक्ष देऊ नका. आणि त्याच दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये सांगितलं की आठ दिवस गोळ्या बंद करा मग रक्त द्या, खरं काय ते कळेल. भाऊ दोन्ही ऐकून गोंधळलाय आणि गोळ्या बंद करायच्या विचारात आहे. कोणाला याचा अनुभव किंवा माहिती असेल तर प्लीज सांगा, खरंच या गोळ्यांनी सिफिलिसची टेस्ट बिघडते का?

राजवाडा_चौक (इंदूर)
ताई, बिघडत असणार. माझ्या काकांना नवीन गोळी सुरू केली, ती एकच रोज घ्यायची असते ना, तर महिन्याभरात क्रिएटिनिन वाढलेलं आलं. घरात सगळे घाबरले किडनी गेली म्हणून. मग एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनी सांगितलं की किडनीला काही झालेलं नाही, गोळीमुळे आकडा तेवढा वर जातो. म्हणजे रिपोर्टवर परिणाम होतोच की. मग व्हीडीआरएलवर का नाही होणार?

लॅबवाली_मावशी (बडोदा)
केवडा, सगळ्यात आधी भावाला फोन कर आणि सांग गोळ्या एक दिवससुद्धा बंद करायच्या नाहीत. बाकी चर्चा नंतर. गोळ्या थांबवल्या तर व्हायरस परत वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो, आणि त्या बदल्यात सिफिलिसच्या टेस्टमध्ये काडीचा फायदा होत नाही.

आता कारण. मी आयुष्यभर सीरॉलॉजीच्या टेबलावर बसलेली बाई आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. व्हीडीआरएलमध्ये आम्ही सिफिलिसचा जंतू शोधत नाही. पेशंटच्या रक्तातलं सीरम घ्यायचं, ५६ डिग्रीवर अर्धा तास गरम करायचं, मग त्यात कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांचं मिश्रण टाकायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं की गुठळ्या होतात का. सिफिलिसमध्ये शरीराच्या पेशींची मोडतोड होते, त्यातून जे स्निग्ध पदार्थ बाहेर पडतात त्यांच्याविरुद्ध शरीर अँटीबॉडी बनवतं, त्या अँटीबॉडी या गुठळ्या करतात. आरपीआर म्हणजे तीच टेस्ट, फक्त त्यात कोळशाचे बारीक कण असतात म्हणून नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि सीरम गरम करावं लागत नाही.

आता यात टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन, डोल्युटेग्राविर यांचा संबंध कुठे येतो? या गोळ्या ना कार्डिओलिपिनसारख्या आहेत ना त्या गुठळी करतात. राजवाडा दादा, तुमच्या काकांच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, डोल्युटेग्राविर किडनीतून क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडवतं म्हणून आकडा थोडा वर दिसतो. तसंच अ‍ॅटाझानाविरने बिलिरुबिन वाढतं, डोळे पिवळे दिसतात आणि लिव्हर मात्र ठीक असतं. पण प्रत्येकाचं कारण वेगळं आणि ठाऊक असलेलं आहे. एका टेस्टचा आकडा हलतो म्हणून सगळ्याच हलतात असं नाही.

सराफा_रात्री_बारा
मावशी, व्हीडीआरएलला उपाशीपोटी जावं लागतं का?

लॅबवाली_मावशी (बडोदा)
नाही रे बाबा. पोहे खाऊन जा.

विवेक_ग्वाल्हेर
मावशींचा मान ठेवून सांगतो, माझा या टेस्टवर अजिबात विश्वास नाही. बायको गरोदर असताना तिची व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली. काय वाटलं असेल आम्हाला विचार करा. तिला काही नाही मला काही नाही. घरात दोन दिवस कोणी जेवलं नाही, मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो आणि ती माझ्याकडे. मग टीपीएचए नावाची सिफिलिसची दुसरी टेस्ट केली ती निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले खोटी पॉझिटिव्ह होती, गरोदरपणात होतं असं कधीकधी. एका कागदाने संसार मोडायची वेळ आणली होती. त्यामुळे केवडाताई, काउंटरवाला बरोबर सांगत असेल.

त्वचारोग_डेस्क
विवेक, तुमच्या घरावर जे गुदरलं त्याचं वाईट वाटतं आणि तिथल्या डॉक्टरांनी दुसरी टेस्ट होईपर्यंत काही बोलायला नको होतं. पण तुमच्याच गोष्टीत उत्तर आहे. तुम्ही टीपीएचए केली आणि ती निगेटिव्ह आली, म्हणून पहिली खोटी ठरली. टीपीएचए केल्याशिवाय खोटी म्हणता आली असती का?

मी त्वचा आणि गुप्तरोग विभागात काम करतो, नाव-गाव राहू दे. व्हीडीआरएल आणि आरपीआर खोट्या पॉझिटिव्ह येण्याची यादी मोठी आहे: गरोदरपण, ल्यूपस, मलेरिया, टीबी, कुष्ठरोग, म्हातारपण, शिरेतून नशेची इंजेक्शनं घेणारे, आणि हो, खुद्द एचआयव्हीसुद्धा. पण अशा खोट्या रिपोर्टमध्ये टायटर (सीरम किती पातळ करेपर्यंत गुठळी दिसते तो आकडा) बहुतेक वेळा कमी असतो, १:८ किंवा त्याखाली, आणि जंतूविरुद्धची जी खास टेस्ट असते, टीपीएचए म्हणा टीपीपीए म्हणा किंवा मशीनवरची सीएलआयए, ती निगेटिव्ह येते. तेव्हा केवडा, भावाला दोन गोष्टी करायला सांगा: टायटर आणि टीपीएचए. नुसता "रिअ‍ॅक्टिव्ह" हा शब्द अर्धा रिपोर्ट आहे. "दुर्लक्ष करा" हा सल्ला अर्ध्या रिपोर्टवर दिलाय आणि तो धोक्याचा आहे.

राजवाडा_चौक (इंदूर)
थांबा थांबा डॉक्टरसाहेब. तुम्हीच म्हणताय एचआयव्हीने खोटी येते. मग मी तरी काय वेगळं म्हणालो?

जुनापान (इंदूर)
राजवाडा, फरक आहे आणि तो मी स्वतःच्या अंगावर बघितलाय, म्हणून लिहितो. नाहीतर मी इथे फक्त वाचत असतो.

मला एचआयव्ही कळला तेव्हा सरकारी मोफत एआरटी नव्हती. ती २००४ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली, तीही आधी ठराविक राज्यांत, आपल्याकडे पोहोचायला अजून वेळ गेला. त्या मधल्या काळात माझा सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) खूप खाली होता आणि त्याच काळात मला सिफिलिस झाला. पेनिसिलिन घेतलं, अंगावरचे चट्टे गेले, पण व्हीडीआरएलचा आकडा काही केल्या नीट उतरेना. कधी खाली यायचा कधी परत वर जायचा, मी काही केलेलं नसताना. तेव्हाचे डॉक्टर चांगले होते, त्यांनी पुन्हा तपासलं, पाठीतलं पाणीही तपासलं, ते स्वच्छ निघालं. ते म्हणाले व्हायरसने तुझ्या शरीरातली अँटीबॉडी बनवणारी यंत्रणा भलतीच चेकाळली आहे, ती नको तिथे अँटीबॉडी बनवते आणि हव्या तिथे उशीर करते.

मग गोळ्या सुरू झाल्या. तेव्हा स्टॅव्ह्यूडिन-नेव्हिरॅपिन होतं, पाय जळायचे, गाल बसले, ते सगळं सहन केलं. पण सीडी४ चढला तसा तो व्हीडीआरएलचा आकडा पण हळूहळू खाली येऊन एका जागी बसला. म्हणजे टेस्ट गडबडवत होता तो व्हायरस, गोळ्यांनी उलट घडी बसवली. त्या भावाचा व्हायरल लोड सापडत नाही म्हणताय, मग तर त्याचा रिपोर्ट माझ्या तेव्हाच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी भरवशाचा आहे.

त्वचारोग_डेस्क
जुनापान, याहून स्पष्ट मला सांगता आलं नसतं. नेमकं हेच. एचआयव्ही असलेल्यांमध्ये या टेस्ट वाचायचे नियम बाकी सगळ्यांसारखेच आहेत. क्वचित वेगळं दिसतं, म्हणजे उपचारानंतर टायटर अपेक्षेपेक्षा वर राहणं, वरखाली होणं, किंवा क्वचित उशिरा पॉझिटिव्ह येणं. पण एआरटी नीट चालू असलेल्यांत पेनिसिलिननंतर टायटर जास्त चांगला उतरतो आणि मेंदूपर्यंत आजार जाण्याचा धोकाही कमी होतो. म्हणून गोळ्या बंद करून टेस्ट करणं म्हणजे भरवशाची परिस्थिती मुद्दाम बिघडवून मग मोजणं.

आणि हे उलट बाजूनेही आहे. सिफिलिसवर उपचार झाला नाही तर व्हायरल लोड तात्पुरता वाढू शकतो आणि सीडी४ खाली येऊ शकतो. दोन्ही आजार एकमेकांना हात देतात.

राजवाडा_चौक (इंदूर)
समजलं. व्हायरस वेगळा आणि व्हायरसचं औषध वेगळं, मी दोन्ही एकाच खात्यात टाकत होतो. जुनापान काका, हे इथे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

इतिहासवेडा_रामबाग
जरा अवांतर पण चर्चेला धरून. ही टेस्ट जंतू का शोधत नाही त्याच्यामागे छान गोष्ट आहे. सिफिलिसचा जंतू १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी जर्मनीत शोधला. पुढच्याच वर्षी १९०६ मध्ये वासरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रक्ताची टेस्ट काढली. त्यांनी अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला चिकटतात तो पदार्थ) म्हणून काय वापरलं तर जन्मतः सिफिलिस असलेल्या मृत अर्भकाच्या यकृताचा अर्क, कारण त्यात जंतू खच्चून भरलेले असत. त्यांना वाटलं आपण जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी पकडतोय. मग थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी यकृताच्या अर्कानेसुद्धा टेस्ट तशीच होते, आणि बैलाच्या हृदयाच्या अर्कानेही! म्हणजे जंतूचा संबंधच नव्हता. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी त्या हृदयातून नेमका पदार्थ वेगळा केला, तेच कार्डिओलिपिन. आणि १९४६ मध्ये त्यावरून आजची व्हीडीआरएल बनली. ऐंशी वर्षांच्या आसपास झाली आणि आजही आपण तीच करतोय.

सराफा_रात्री_बारा
बैलाचं हृदय! आणि मावशी म्हणतात पोहे खाऊन जा.

इतिहासवेडा_रामबाग
शेव जास्त घालून.

लॅबवाली_मावशी (बडोदा)
इतिहासवेडा, छान लिहिलंस. आम्हाला शिकवताना हे कोणी सांगितलं नव्हतं, नुसतं पाठ करून घेतलं.

टायटर टायटर सगळे म्हणतायत तर तेही सांगते, कारण पेशंट लोक घाबरतात की १:३२ म्हणजे फार भयंकर. ताकात पाणी घालत जायचं आणि बघायचं की कितव्या वेळेपर्यंत ताकाची चव लागते, तसं आम्ही सीरम दर वेळी दुप्पट पातळ करतो, १:२, १:४, १:८, १:१६, १:३२, आणि ज्या पायरीपर्यंत गुठळी दिसते तो टायटर. म्हणून १:८ आणि १:१६ यात फक्त एका पायरीचा फरक आहे, तोच नमुना उद्या दुसऱ्या हाताने केला तरी एक पायरी इकडेतिकडे होऊ शकते. दोन पायऱ्यांचा फरक, म्हणजे चौपट, तो खरा मानायचा. आणि तोही एकाच टेस्टवर, शक्यतो एकाच लॅबमध्ये. आज इथे व्हीडीआरएल उद्या तिथे आरपीआर असं करून आकडे शेजारी ठेवायचे नाहीत.

केवडा (इंदूर)
तुम्हा सगळ्यांची खूप ऋणी आहे. गोळ्या बंद केलेल्या नाहीत, त्याच रात्री फोन करून सांगितलं. आता पुढचं. टीपीएचए पॉझिटिव्ह आली. आरपीआर १:३२. आणि अजून एक, त्याने मला आत्ता सांगितलं की काही वर्षांपूर्वी त्याला सिफिलिस झाला होता आणि इंजेक्शनं घेतली होती. जुनी फाईल शोधली तर त्यात एका सरकारी लॅबची व्हीडीआरएल आहे, उपचाराच्या वेळी १:६४ आणि नंतर बऱ्याच दिवसांनी १:२. त्यानंतर तपासलंच नाही. आता तो म्हणतोय टीपीएचए पॉझिटिव्ह म्हणजे तो जुना आजार अंगात तसाच राहिलाय, इंजेक्शनं फुकट गेली. फार खचलाय.

विवेक_ग्वाल्हेर
टीपीएचए पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहेच ना मग? आमच्या वेळी तर तीच शेवटची टेस्ट म्हणून सांगितली होती.

त्वचारोग_डेस्क
नाही विवेक. टीपीएचए एवढंच सांगते की या शरीराची सिफिलिसच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती. पूर्ण बरं झाल्यावरही बहुतेक लोकांत ती जन्मभर पॉझिटिव्ह राहते. त्यामुळे तिच्यावरून "जुना राहिला" किंवा "नवा झाला" असं काहीच ठरत नाही. तुमच्या पत्नीच्या बाबतीत ती निगेटिव्ह होती म्हणून तिचा उपयोग झाला.

केवडा, इंजेक्शनं अजिबात फुकट गेली नाहीत. १:६४ वरून १:२, म्हणजे पाच पायऱ्या खाली, हा उत्तम प्रतिसाद आहे, भावाला हे आवर्जून सांगा. आता प्रश्न आहे १:२ ते १:३२ चा. पण जुनी व्हीडीआरएल आहे आणि नवी आरपीआर, आणि आरपीआरचा आकडा अनेकदा थोडा वरच असतो. म्हणून जिथे जुनी झाली होती तिथेच जाऊन परत व्हीडीआरएल टायटरसह करा. हर्निया तातडीचा नसेल तर चार दिवस थांबेल, आणि या रिपोर्टमुळे ऑपरेशन रद्द करायचं कारण नाही हे सर्जनलाही सांगा. तोवर विचारा: तळहात-तळपायाला चट्टे, तोंडात किंवा खाली न दुखणारी जखम, डोळ्याला अंधुक दिसणं, कानात आवाज, सतत डोकं दुखणं, यातलं काही आहे का? डोळे किंवा कानाचं काही असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

केवडा (इंदूर)
यातलं काहीच नाही म्हणतो. डोळे पण ठीक.

आडवाटेचा_पाहुणा
माफ करा पण एकदा होऊन परत होतो म्हणजे माणूस सुधारला नाही असंच ना. सरकारच्या पैशावर गोळ्या खायच्या आणि परत तेच.

जुनापान (इंदूर)
पाहुणे, हे वाक्य मी दवाखान्यांच्या रांगांत पुष्कळ ऐकलंय, आणि ते ऐकून रांगेतून उठून गेलेली माणसंही बघितली आहेत. त्यातली काही परत आली नाहीत. हा मुलगा गोळी चुकवत नाही, व्हायरल लोड दाबून ठेवलाय, म्हणजे त्याच्याकडून शरीरसंबंधातून दुसऱ्याला एचआयव्ही जात नाही. रक्त दिलं, जुनी फाईल शोधली, बहिणीला खरं सांगितलं. याहून जबाबदारीने कोणी काय वागावं? सिफिलिस एकदा झाला की पुन्हा होत नाही असं नसतं, त्याची प्रतिकारशक्ती येत नाही. जोडीदाराकडूनही परत होऊ शकतो, जोडीदारावर उपचार झाले नसतील तर.

केवडा, एक मात्र सांगतो, कुठल्याही काउंटरवर त्याचं स्टेटस मोठ्याने बोललं गेलं तर ऐकून घेऊ नका. २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्याच्या संमतीशिवाय ही माहिती कोणाला सांगता येत नाही आणि त्या कारणाने उपचार नाकारताही येत नाहीत. काही अडलं तर १०९७ वर फोन लावा, फुकट आहे.

राजवाडा_चौक (इंदूर)
जुनापान काकांना माझं अनुमोदन. आणि पाहुण्यांनी धाग्याचा विषय वाचावा, प्रश्न टेस्टचा आहे.

मांडवी_दरवाजा (बडोदा)
उलट बाजूचा अनुभव देतो, म्हणजे खोटी निगेटिव्ह. माझ्या मित्राला हातापायांच्या तळव्यांवर लालसर चट्टे, अंगात कणकण, काखेत गाठी. त्यालाही एचआयव्ही, नुकताच कळलेला, गोळ्या अजून सुरू व्हायच्या होत्या. व्हीडीआरएल नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह आली. एका ठिकाणी अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं, दुसऱ्या ठिकाणी परत मलम. शेवटी एका वयस्कर डॉक्टरांनी चट्टे बघितले आणि थेट लॅबला फोन लावला की त्याचं सीरम पातळ करून परत बघा. पातळ केल्यावर आली ना रिअ‍ॅक्टिव्ह, आणि तीही चांगली वरपर्यंत. लॅबवाली मावशी, हे असं कसं होतं? जास्त असताना दिसत नाही आणि कमी केल्यावर दिसतं?

लॅबवाली_मावशी (बडोदा)
त्याला प्रोझोन म्हणतात. अँटीबॉडी इतक्या जास्त होतात की प्रत्येक कणाला वेगवेगळ्या अँटीबॉडी चिकटून बसतात, दोन कणांना जोडायला कोणी मोकळं उरत नाही, मग गुठळी होत नाही आणि रिपोर्ट साफ येतो. चट्टे येतात त्या दुसऱ्या टप्प्यात हे जास्त होतं, एचआयव्हीवाल्यांत आणि गरोदर बायकांतही बघितलंय. सीरम पातळ केलं की प्रमाण जमतं. फार चिडचिड होते मला याची, कारण लॅबला कोणी सांगतच नाही की पेशंटला चट्टे आहेत. फॉर्मवर एक ओळ लिहा, "तळव्यांवर चट्टे, सिफिलिसचा संशय", आम्ही आपोआप पातळ करून बघतो. कोऱ्या फॉर्मवर आम्हाला काय स्वप्न पडणार?

आणि अगदी सुरुवातीला, पहिली जखम नुकतीच आलेली असते तेव्हाही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, अँटीबॉडी बनायला वेळ लागतो. संशय असेल तर दोन-चार आठवड्यांनी परत करायची.

त्वचारोग_डेस्क
फॉर्मवरच्या त्या ओळीबद्दल मावशींना माझ्या सगळ्या ज्युनियर्सकडून साष्टांग नमस्कार.

केवडा (इंदूर)
रिपोर्ट आला. जुन्याच लॅबमध्ये व्हीडीआरएल केली, १:१६.

लॅबवाली_मावशी (बडोदा)
१:२, १:४, १:८, १:१६. तीन पायऱ्या वर. तीच लॅब, तीच टेस्ट. हा आकडा खरा आहे केवडा.

त्वचारोग_डेस्क
हो. लक्षणं नाहीत, टीपीएचए पॉझिटिव्ह, टायटर आठपट वर. याला पुन्हा झालेला संसर्ग मानून उपचार करायचे. मागची १:२ बऱ्याच आधीची आहे, मध्ये तपासणी नाही, त्यामुळे हा गेल्या वर्षभरातला आहे असं खात्रीने म्हणता येत नाही. अशा वेळी बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट, आठवड्याला एक याप्रमाणे तीन आठवडे. वर्षभराच्या आतला असता तर एकदाच पुरलं असतं. एचआयव्ही आहे म्हणून डोस वेगळा नसतो. तपासून निर्णय समोरचे डॉक्टर घेतील, सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या क्लिनिकमध्ये, हे मोफत होतं. पहिलं इंजेक्शन देतील त्याच दिवशीचा टायटर लिहून घ्या, पुढची तुलना त्याच्याशी होणार. आणि जोडीदाराची तपासणी विसरू नका, नाहीतर ही फाईल परत उघडावी लागेल.

पहिल्या इंजेक्शननंतर चोवीस तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो, अंग दुखतं. जंतू मरताना होतं ते, पॅरासिटामॉलने जातं. ती पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी नाही. धाप लागली किंवा अंगावर गांध्या उठल्या तर मात्र लगेच परत दाखवायचं.

केवडा (इंदूर)
पहिलं झालं. जोडीदारालाही घेऊन गेला होता, दोघांचं एकदमच चालू झालं. काउंटरवाल्याचं ऐकून गप्प बसलो असतो तर काय झालं असतं याचाच विचार येतो.

सराफा_रात्री_बारा
मित्राने घेतलं होतं हे इंजेक्शन. दोन्हीकडे अर्धं-अर्धं देतात, दोन दिवस बसता येत नाही म्हणाला. भावाला सांगा इंदूरच्या छप्पन दुकानवर पोहे तसेही उभ्यानेच खातात, काही अडत नाही.

केवडा (इंदूर)
वाचून दाखवलं त्याला, खूप दिवसांनी मोकळा हसला 😊

नवखा_भिया (इंदूर)
उशिरा आलो, सगळा धागा वाचला. माझा प्रश्न अगदी पहिल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. मलाही एआरटी चालू आहे, व्हायरल लोड दबलेला. सिफिलिसचा उपचार झाला तेव्हा १:३२ होतं, ते १:४ वर आलं आणि तिथेच अडकलंय, दरवेळी १:४ नाहीतर १:२. शून्य होतच नाही. मी धरून चाललो होतो की गोळ्यांमुळे अडकलंय. मग हे काय?

त्वचारोग_डेस्क
१:३२ वरून १:४ म्हणजे तीन पायऱ्या खाली, उपचार लागू पडला. त्यानंतर कमी आकड्यावर अडकून राहणं बऱ्याच लोकांत होतं, एचआयव्ही नसलेल्यांतही. याला आम्ही सेरोफास्ट म्हणतो. १:४ आणि १:२ मध्ये एकच पायरी, ती धरायची नाही. गोळ्यांचा यात हात नाही, चालू ठेवा. तपासणी मात्र सोडायची नाही, आणि कधी १:१६ किंवा वर दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवायचं.

जुनापान (इंदूर)
नवखा, माझाही १:२ वर बसलाय कायमचा. मी काय करतो, एआरटीचं जे हिरवं पुस्तक जपून ठेवतो त्याच्या मागच्या पानावर तारीख, टेस्टचं नाव, लॅब आणि टायटर अशी एक ओळ लिहितो. नवीन डॉक्टर भेटले की आधी ते पान दाखवतो. नुसतं "रिअ‍ॅक्टिव्ह" बघून परत इंजेक्शन द्यायला निघालेले दोन डॉक्टर त्या पानाने थांबलेत.

नवखा_भिया (इंदूर)
काका आजच पान करतो. माझे दोन रिपोर्ट व्हीडीआरएलचे आणि एक आरपीआरचा आहे, तो वेगळा लिहू ना?

लॅबवाली_मावशी (बडोदा)
वेगळा लिही. आणि पुढच्या वेळी चिठ्ठीवर व्हीडीआरएलच लिहून घे, टायटरसहित.